चोआ चू कांगला हिव पडतं

सिंगापूरमध्ये थंडीला घाबरणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या मजल्यावर राहतो.

सकाळी सातला मी ऑफिसला निघते तेव्हा माधव निफाडकर लिफ्टपाशी उभे असतात. त्यांना कुठे पोचायचं नसतं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. खाली जायचं, कॉफी घ्यायची, वर यायचं, एवढाच कार्यक्रम. बाहेर सत्तावीस डिग्री असतात. नुकताच इस्त्री केलेला माझा कुडता तळमजल्यावर पोचेपर्यंत मऊ पडलेला असतो. आणि काका मोबाइलमधून मान वर न करता म्हणतात, "ताई, आज उणे एक. वारा पडलाय. आकाशही निवळलं. झाकावं लागणार."

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "काय झाकावं लागणार?" त्याचं उत्तर अजून चालू आहे.

काका मूळचे निफाडचे. हिवाळ्यात मराठी पेपरात एक बातमी ठरलेली असते, निफाडचा पारा घसरला. तो पारा वाचायचं काम काकांच्या वडिलांकडे होतं. शेतकी केंद्रातले सरकारी नोकर. पहाटे उठून, कानटोपी घालून, पिंजऱ्यासारख्या पांढऱ्या पेटीतला थर्मामीटर बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. लहानपणी काका कंदील धरून बरोबर जायचे. "दादांनी लिहिलेला आकडा दुसऱ्या दिवशी सगळा महाराष्ट्र वाचायचा," हे काकांनी मला किमान साठ वेळा सांगितलं आहे. पुढे काकांनी इथे सिंगापूरलाही तेच केलं. मोजमापाची उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत छत्तीस वर्षं. माणसांचं सोडा, पण काट्याने खोटं बोलू नये, असा त्यांचा एकूण धर्म.

पान पांढरं पडेल अशी थंडी, दव गोठून त्याचा थर बसतो ती, तिला ते हिव म्हणतात. हे हिव अर्थातच आमच्या भागात, चोआ चू कांगला, पडत नाही. ते पडतं कॅनडात, टोरंटोपासून दोन तासांवरच्या एका गावात, मधुराच्या मागच्या अंगणात. मधुरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिथे म्हणे एप्रिलमध्ये ऊन पडतं, लोक खुळ्यासारखे रोपं बाहेर लावतात, आणि मे महिन्यात एखाद्या रात्री हिव येऊन सगळं काळं करून जातं. हे टाळायचं तर संध्याकाळी रोपं झाकायची. उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्यात आणि त्यांच्यात बरोबर बारा तासांचं अंतर. घड्याळात वाजलेले तेच, दिवस-रात्र तेवढी उलटी. आपली सकाळची सात म्हणजे तिची संध्याकाळची सात. म्हणून काका सातला लिफ्टपाशी. खाली जाईपर्यंत मेसेज गेलेला असतो आणि कॉफी येईपर्यंत उत्तर.

"झाकलं म्हणाली," संध्याकाळी भेटले की सांगतात. चेहरा असा की जणू स्वतः जाऊन चादर टाकून आले.

झाकण्याचं शास्त्र मला आता झोपेतही म्हणता येईल. चादर पानाला टेकता कामा नये, खाली काठ्या रोवायच्या. चादर जमिनीपर्यंत सोडायची आणि कडेला दगड ठेवायचे. झाडाच्या गळ्याशी गाठ मारून गाठोडं करणारे लोक मूर्ख. दुपारी मातीला पाणी द्यायचं, ओली माती ऊब धरून ठेवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य काका बोट वर करून म्हणतात: "ऊब चादरीतून येत नसते, ताई. ऊब जमिनीतून येते. चादर फक्त ती जाऊ देत नाही."

एका रविवारी आमच्या मराठी मंडळींनी कुंडीतल्या बागेवर कार्यक्रम ठेवला. बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, फंक्शन रूममध्ये. एकीने पुदिन्यावर सांगितलं, एकीने मिरचीच्या रोपांवर. तिसरे आमचे काका. त्यांना दहा मिनिटं दिली होती. त्यांनी चाळीस घेतली, आणि ती सगळी हिवावर. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात स्वेटर फक्त विमानात घातलेला. शेवटी एका बँकवाल्या गृहस्थांनी धीर करून विचारलं, "काका, पण आपल्याला इथे याचा उपयोग काय?" काकांनी खिशातून स्वतःचा थर्मामीटर काढला, एसीखाली धरला आणि म्हणाले, "या खोलीत सतरा आहे. तुमच्या त्या तुळशीला विचारा उपयोग." मिरचीवाल्या बाईंनी एसीखाली मांडलेली आपली तुळस उचलून बाहेर नेली. त्यानंतर काकांना कुठे बोलवायचं नाही असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होते.

थर्मामीटर त्यांच्या खिशात असतोच. एकदा आम्ही जवळच्या सुपरमार्केटात भाजी आणायला गेलो. मी फ्लॉवर निवडून वळले तर काका दुधाच्या उघड्या फ्रीजमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभे. "तीन," म्हणाले. "इथे टोमॅटो जगेल. घेवडा कुरकुरेल." पुढे फ्रोझन माशांपाशी गेले. "उणे अठरा. इथे काहीच नाही जगणार." मागे सिक्युरिटीचा माणूस येऊन थांबला होता. तो म्हणाला, "अंकल, समथिंग राँग विथ द फ्रीज, इज इट?" काका म्हणाले, "नो, नो. फ्रीज इज ऑनेस्ट." आणि पाठ थोपटल्यासारखा हात त्या फ्रीजवरून फिरवला.

कॉरिडॉरमधलं प्रकरण त्याहून वाईट. काकांच्या दाराबाहेर चार कुंड्या आहेत, त्यात घेवडा. कॅनडासाठी सराव म्हणून एका मे महिन्यात ते रोज संध्याकाळी या कुंड्या जुन्या पांढऱ्या चादरींनी झाकू लागले. काठ्या, दगड, सगळं रीतसर. समोरच्या लिम आंटींना दार उघडल्या उघडल्या पांढऱ्या कापडातली चार भुतं दिसायची. "अंकल, व्हाय यू कव्हर? सो हॉट, प्लांट ऑल्सो फेंट लाह," त्या इथल्या लाह-वाल्या इंग्रजीत म्हणाल्या. मग कॉरिडॉरमध्ये अडथळा केल्याची इमारतीच्या ऑफिसची चिठ्ठी दाराला चिकटली. काकांनी चिठ्ठीमागे नम्रपणे हिवाची माहिती लिहून परत पाठवली. शेवटी चादरी घेवड्यानेच थांबवल्या. एक दिवस सकाळी चादर काढायची राहिली, काका दिवसभर कुठेतरी गेले, आणि संध्याकाळी आत चारही वेल उकडून मेलेले.

मी म्हटलं, "जाऊ दे काका, पुन्हा लावा."

काका खाली बसून तो काळा पाला बघत राहिले. "झाकण्यात चूक नव्हती," म्हणाले. "उघडायचं राहिलं."

तेव्हा मला ते वाक्य कुंड्यांपुरतंच वाटलं, आणि मी ते ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं.

काकांचं आकाशाशी वाकडं आहे. ढग असले की त्यांना बरं वाटतं, कारण ढगांखाली ऊब राहते. निरभ्र आकाश म्हणजे धोका. हाच नियम ते माणसांना लावतात. माझ्या ऑफिसात नवा साहेब आला, गोड बोलायचा, सगळ्यांची मुलाबाळांसकट चौकशी करायचा. मी लिफ्टमध्ये कौतुक केलं. काका म्हणाले, "आकाश निवळलंय. जपा." दोन महिन्यांत आमच्या टीममधली सहा माणसं घरी गेली. माझा नवरा मिलिंद एकदा माझ्यासाठी विनाकारण फुलं घेऊन आला, तर काकांनी कॉरिडॉरमधूनच मला विचारलं, "वारा पडलाय का ताई घरात?"

आणि दर वर्षी त्यांचं हिव लांबतं. मे संपतो. कॅनडात लोक अर्ध्या चड्ड्या घालून फिरायला लागतात. काका जूनच्या पंधरा तारखेलाही लिफ्टपाशी. "यंदा हिव लांबलंय, ताई." माझी मुलगी ईरा म्हणते, "दॅट अंकल एव्हरी इयर सेम स्टोरी लाह." मी तिला दटावते, पण मनात म्हणते, खरं आहे. मग जुलैत कधीतरी ते लिफ्टपाशी दिसेनासे होतात. कॉफीसुद्धा बंद. ऑक्टोबरात तिकडे पुन्हा थंडी सुरू झाली की इकडे माणूस उमलतो. बर्फात झाकायला काही उरत नाही, तेव्हा मला नुसता पारा सांगतात. जुलै ते सप्टेंबर काका काय करतात हे मी कधी विचारलं नाही. खरं तर तेवढे तीन महिने मी शांतपणे लिफ्टने जात होते, आणि मला ते बरं वाटत होतं.

आता शैलाकाकूंबद्दल सांगायला हवं. ते टाळूनच मी इथवर आले.

शैलाकाकू म्हणजे निफाडकरांची बायको. दाराबाहेरचा घेवडा मुळात तिचा. निफाडहून बी आणलेलं, दर वर्षी शेंगा वाळवून नवं बी एका औषधाच्या डबीत भरून ठेवायची. मधुरा शिकायला कॅनडाला गेली तेव्हा त्यातलं मूठभर तिच्या सामानात मोज्यांच्या आत लपवून दिलं. मधुरेचं दुसरं वर्ष चालू असताना काकू आजारी पडली. पोटाचं दुखणं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. मधुरेची शेवटची परीक्षा पाच आठवड्यांवर होती. काकांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, "मधुराला कळवायचं नाही. एवढी परीक्षा होऊन जाऊ दे."

आपल्यात हे नवं नाही. माझ्या आईची साखर चारशेवर गेली होती, ते मला भावाने दोन महिन्यांनी सांगितलं, तेही मी तिच्या हातचे बेसनाचे लाडू मागवले तेव्हा. परदेशातल्या पोरांपासून घरातलं दुखणं लपवणं याला आपण माया म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतो आणि मुठीत काय आहे ते कुजेपर्यंत बघत नाही.

आम्ही सगळ्यांनी मिळून झाकलं. कुणी डबे दिले, कुणी हॉस्पिटलात बसलं, आणि फेसबुकवर कुणी काही टाकणार नाही याची काळजी घेतली. चौथ्या आठवड्यात मधुरेने मला फोन केला. "अश्विनीमावशी, आईचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, "अगं, सर्दी आहे. एसीने होतं तसं." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मला अभिनय येत नाही असं मिलिंद म्हणतो. त्या दिवशी आला.

परीक्षेला नऊ दिवस असताना काकू गेली. मधुरा आली ती थेट मंडाई क्रिमेटोरियममध्ये. तिने कुणाशी भांडण केलं नाही. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चौथ्या दिवशी परत गेली. पुन्हा आली नाही. त्याला सात वर्षं झाली. "सुट्टी मिळत नाही," असं काका सांगतात आणि आम्ही सगळे, हो ना, तिकडे फार कडक असतं, असं म्हणतो.

तरी मला वाटायचं की बाप-लेकीचं जुळलं असणार. नाहीतर रोज सकाळी मेसेज कसे जातात? झाकलं म्हणाली, झाकलं म्हणाली. मला तर त्या मुलीचं कौतुक वाटायचं, आणि काकांचा थोडा हेवासुद्धा. माझी पोर पलीकडच्या खोलीतून मला 'के' एवढंच उत्तर पाठवते.

या जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. एका डोळ्याने त्यांना आधीपासूनच उजेड आणि अंधार एवढंच कळतं, त्यामुळे जे काही होतं ते या दुसऱ्यावर. ऑपरेशन नीट झालं, पण सूज आली. डॉक्टरांनी आठवडाभर मोबाइल बघायला मनाई केली. सकाळचे थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी गेले. काका सोफ्यावर आडवे, डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी. मी थेंब घातले आणि पाच मिनिटं डोळे मिटून राहायला सांगितलं. त्यांनी चाचपडत मोबाइल माझ्या हातात दिला.

"मधुराला पाठवायचंय. आधी पारा बघा."

मी बघितला. "नऊ."

"उणे?"

"नाही काका. नुसते नऊ. रात्रीचे कमीत कमी नऊ."

काकांनी मिटल्या डोळ्यांनीच बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "एक लिहा."

"नऊ आहे."

"ताई, मेसेज माझ्या फोनवरून जातोय ना? एक लिहा. 'आज एक. झाक.' एवढंच."

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या काट्यांना खरं बोलायला लावणारा माणूस मला आठ अंशांचं खोटं लिहायला सांगत होता. मला राग आला. मला सातच्या आत निघायचं होतं, आणि हा म्हातारा मला त्याच्या खोटेपणात पुन्हा ओढत होता. मी मधुरेचं नाव उघडलं.

दुसऱ्यांचे मेसेज वाचू नयेत हे मला कळतं. पण ते वाचायला काही कष्टच नव्हते. स्क्रीनभर दोनच ओळी होत्या, आलटून पालटून. 'आज उणे एक. झाक.' 'झाकलं.' 'आज एक. झाक.' 'झाकलं.' मी वर सरकवत गेले. वर्षामागे वर्ष. दिवाळी नाही, वाढदिवस नाही, कशी आहेस नाही, जेवलात का नाही. ऑक्टोबर, मग बर्फाचे कोरे महिने, मग मे, मग जून, आणि जुलैपासून पुन्हा कोरं. कोऱ्याच्या खाली पुन्हा ऑक्टोबर.

अगदी वर पोचले. तिथे मधुरेचा मेसेज होता. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. 'आईचं तुम्ही झाकलंत. मला फोन करू नका. लिहूही नका.' त्याखाली जवळजवळ वर्षभर काही नाही. मग एक फोटो. अंगणातल्या मातीत कोवळे वेल, काळे पडून आडवे झालेले. त्याखाली तिने लिहिलं होतं, 'आईचा घेवडा. रात्रीत असा झाला. का?'

काकांनी लिहिलं होतं, 'हिव पडलं. झाकायला हवं होतं. बी उरलंय का?'

'सात दाणे.'

'पुढच्या वर्षी मी सांगेन कधी झाकायचं.'

यावर तिने नको म्हटलं नव्हतं.

म्हणजे एवढंच होतं. रोज लिफ्टपाशी माझं डोकं खाणारा तो माणूस थंडीला घाबरत नव्हता. तो थंडी संपायला घाबरत होता. पारा दोनच्या वर गेला की त्याला मुलीशी बोलायला विषय नव्हता. त्या सगळ्या लांबलेल्या हिवांतली किती खरी होती कोण जाणे.

मला रडू येत होतं आणि ते मला नको होतं. मी टाइप केलं, 'आज एक. झाक.' बोट पाठवायच्या खुणेवर गेलं, आणि मला ते फारच उघडंबोडकं वाटलं. मी पुढे दोन शब्द जोडले. 'काळजी घे.' आणि पाठवलं.

"पाठवलं?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"पाठवलं."

"आता येईल. दोन मिनिटांत येतं."

दोन मिनिटांच्या आतच आलं. 'कोण आहे? बाबा काळजी घे लिहीत नाहीत.'

"आलं का?"

"टाइप करतेय अजून," मी म्हटलं.

"ताई, ऑपरेशनचं काही कळवू नका हं," काका म्हणाले. "उगाच तिच्या जिवाला घोर. एवढी सूज उतरून जाऊ दे."

एवढी परीक्षा होऊन जाऊ दे. तोच आवाज, तेच आर्जव. सात वर्षांत हा माणूस काही म्हणजे काही शिकला नव्हता. आणि मी शिकले होते का, ते त्या क्षणी माझ्या हातात होतं.

मी लिहिलं, 'अश्विनीमावशी.'

उत्तर यायला वेळ लागला. 'सर्दीवाल्या.'

प्रश्नचिन्ह नव्हतं. 'हो,' मी लिहिलं. 'बाबांच्या डोळ्याचं काल ऑपरेशन झालं. सूज आहे. काळजीचं नाही असं डॉक्टर म्हणतात. कळवू नका म्हणालेत, तरी कळवतेय.' माझ्या शब्दाला तिच्याकडे काय किंमत हे मला माहीत होतं, म्हणून टेबलावरचा डॉक्टरांचा कागद उलगडला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि तेही पाठवले.

ती टाइप करत होती. थांबली. पुन्हा करायला लागली, पुन्हा थांबली. मला वाटलं, आता फोन वाजेल. मी मोबाइल काकांच्या हाताजवळ धरला, वाजला तर पटकन देता यावा म्हणून. खिडकीबाहेर खाली एक बस हॉर्न देत होती. माझी गाडी चुकली होती.

फोन वाजला नाही. मेसेज आला. 'कागद बघितला. मला कळलंय हे त्यांना सांगू नका.'

आणि त्याखाली दुसरा.

'इथे आज नऊ आहे. मी अंगणातच उभी आहे. झाकलं म्हणून सांगा.'

मी तो दोनदा वाचला. म्हणजे तिला ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं जूनच्या उबदार संध्याकाळी अंगणात उभं राहून ती बापाला 'झाकलं' लिहीत होती.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं. त्यांचा हात सोफ्याच्या कडेवर घट्ट होता.

"झाकलं म्हणाली."

हात सैल पडला. त्यांनी लांब श्वास सोडला.

"यंदा हिव लांबलंय, ताई."

"हो काका," मी म्हटलं. "लांबलंय."